माळाकडची खिडकी

परभणी, मंगळवार संध्याकाळ

राणीसावरगावच्या माळावर माझ्या सख्ख्या मामांची वायनरी व्हायचीय. नकाशा माझाच. अर्धी इमारत उतारात, भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या, छतावर माती आणि गवत. एसीशिवाय आत गारवा राहील. आणि द्राक्षबागेकडं एकच मोठी खिडकी. माझा सगळा जीव त्या खिडकीत.

मामांना नकाशा लय आवडला. मी खूश. मग म्हणाले, "बरं केलंस पोरी, जमिनीत घातलंस. रस्त्यावरून कुणाला दिसायचं न्हाई. दारूचा कारखाना काढायलाय म्हणून गाव नावं ठेवायलंय. तेवढी खिडकी बुजवून टाक."

म्हणजे मी माळाशी नातं जोडत होते आणि मामा लपायला जागा शोधत होते? परक्या मालकाशी भांडले असते. मामांशी कसं भांडू? "बघते" म्हणाले. दुपारपासून खिडकी पुसतेय, परत काढतेय.

आत्ता सासूबाई चहाला बोलवायला आल्या. कॉम्प्युटरवर नकाशा उघडाच होता.

"कशाची इमारत गं?"

"गोदाम आहे."

त्यांनी खिडकीवर बोट ठेवलं. "गोदामाला एवढी मोठी खिडकी?"

"चुकून काढली," म्हणाले, आणि पुसून टाकली.