खानापूरची गादी

बुधवार, १० डिसेंबर. दिवेलागण.

आज बोलून बोलून जीव शिणला. नात सुजाता उद्या दोन मैत्रिणींसंगं सायकलीनं निघणार. बोरगावातनं बेळगाव, मग खानापूर, मग कणकुंबीचं रान. बेळगावात मैत्रिणीचं घर हाय. खानापुरात माझी धाकटी भैन चंपा एकटी ऱ्हाते, मग मुक्कामाचा सवालच न्हाय असं मला वाटलं. कुणाला न इचारता दुपारीच तिला फोन लावला. ती म्हणाली, "पोरी येत्यात व्हय? गादी उन्हात टाकतो की."

आणि आत्ता सुजाता म्हणते, खानापुरात आम्ही लॉज ठरवलाय.

"घरची आज्जी असताना लॉज? तिथं काय, साबणाची वडी फुकट मिळती म्हणून?"

"आज्जे, बेळगाव बघून दुपारनंतर निघणार, पोचणार अंधारात. चंपाआज्जीची चूल दिवस मावळायच्या आत बंद. एवढी सायकल मारून उपाशी झोपू व्हय?"

खरं हाय. आम्हा जैनांत मावळल्यावर जेवण न्हाय, पण चंपी तर पाण्याचा घोटबी घेत न्हाय. पोरींनी डबा उघडला तर बोलायची न्हाय, नुसती बघत बसंल. ते बघणं लॉजपेक्षा वाईट. पोरीचं चुकलं न्हाय. फोनाची घाई मलाच लई.

पण ती गादी. गुडघे धरत एकटीनं माळ्यावरनं काढली असंल. आता काय सांगू तिला, गुंडाळ म्हणून?

बसनं माझी कंबर मोडती. तरी परवा मीच जाणार. ऊन दिलेल्या गादीवर कुणीतरी झोपाय पायजे.