कुंकू लावलेला मायक्रोस्कोप

२१ जून १९८९

फॉर्म भरला! इंग्रजीत! चार जागी खाडाखोड, पण भरला.

शशिकांतच्या कंपनीने नवं खूळ काढलंय. एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना विज्ञानाच्या साहित्यासाठी छोटी मदत. शाळेला नाही हं — शिक्षकाला! नवरोबा नोटीस बोर्डावरचा फॉर्म घेऊन आले. "भर. नाहीतर म्हणशील, तुझी कंपनी नुसता धूर सोडते."

'हे साहित्य का हवे?' या चौकटीत जिज्ञासा, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे लिहिलं. खरं कारण इथे लिहिते. अकरा वर्षं सातवीला अमिबा शिकवतेय. फळ्यावर असा झकास काढते की ड्रॉइंगच्या सरांनी मान खाली घालावी. पण बघितलाय का कधी? नाही! डी.एड.लाही चित्रच होतं. वर्गासमोर उभी राहून थापा मारल्यासारखं वाटतं. मला तो एकदा या डोळ्यांनी बघायचाय. पोरांचं त्यानंतर.

९ ऑगस्ट

मंजूर!! मायक्रोस्कोप!

एक अट आहे. डिसेंबरात कंपनीचे साहेब येऊन बघणार. मुलं वापरत नसतील तर यंत्र उचलून दुसऱ्या शाळेला देणार.

हरिचंद्र सरांना सांगितलं. आमचे हेडमास्तर. बल्ब बदलायचा तरी यांना अर्ज लागतो. म्हणाले, "पुस्तकात चित्र आहे ना, बाई?"

२८ सप्टेंबर

अंबाल्याहून खोकं आलं. वाळक्या गवतात बसवलेला, काळा, जड, बाजूला पितळी चाक. अर्धा तास माझा होता. मग डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, मग सरांच्या कपाटात, आणि किल्ली सरांच्या खिशात.

"फुटला तर तुमच्या पगारातून जाईल, बाई. तुमच्याच भल्यासाठी ठेवतोय."

आमच्या शाळेत नवी वस्तू नवीच ठेवायची पद्धत आहे. पृथ्वीचा गोल सात वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत आहे. एक दिवस गुदमरून जाईल बिचारी.

९ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज शाळेत यंत्रांची पूजा. टेबलावर टाइपरायटर, घंटा, बबन शिपायाचा पाना, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेला माझा मायक्रोस्कोप! कपाटातून पहिल्यांदा बाहेर आला तो नवरदेव होऊनच. मी मागे उभी. आमच्यात हे नसतं, उद्या आम्ही सगळे विहारात जाणार.

सरांनी विचारलं, "याचा डोळा कुठला?" बबनने अदबीने दाखवला. सरांनी बोट बुडवलं आणि वरच्या भिंगाला ओलं कुंकू. मग खालच्यालाही, उगाच तो रुसायला नको. वर अक्षता. मी ओरडेपर्यंत नारळाचं पाणीसुद्धा पोचलं होतं.

मग सर हळूच, "पुसलं जाईल ना?"

मी म्हटलं, "जाईल. पण रोज उन्हात ठेवायला लागेल. माझ्या वर्गात, खिडकीपाशी. दोन-तीन महिने तरी."

धडधडीत थाप! सरांनी मुंडी हलवली. कपाट रिकामं झालं!

१२ ऑक्टोबर

स्पिरिट, शशिकांतच्या चष्म्याचं फडकं आणि त्यावरून शशिकांतच्या शिव्या. तरी कडेला लाली राहिलीच. सगळं जरा गुलाबी दिसतं. असू दे.

शाईच्या बाटलीत आमच्या चाळीच्या विहिरीचं पाणी नेलं होतं. डोळा लावला, चाक फिरवलं, धूसर, धूसर — आणि चपलेसारखं काहीतरी थेट माझ्यावर चालून आलं! मी किंचाळले. पोरं हसली. मग मला रडू आलं, ते त्यांना समजू नये म्हणून किती वेळ डोळा काढलाच नाही.

रात्री सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, आता हंडा फेकतील. इंदुबाई त्या! म्हणाल्या, "जितं हाय ना समदं? मग असू दे. इहिरीतल्या कासवानं काय खायाचं? मेलं तर सांग मला."

१६ नोव्हेंबर

सुट्टीनंतर वर्गात बाटल्यांचा पूर आलाय. डोंगराकडच्या पाड्यावरून ठमी चालत येते, तिने ओहळाचं पाणी आणलं. त्यात नुसती जत्रा! आणि अमिबा! भेटला एकदाचा. खरं सांगू? माझा फळ्यावरचा जास्त बरा आहे.

मग कुणीतरी कंपनीमागच्या नाल्याचं दिलं. काहीच नाही. थेंब बदलला, काच बदलली, पुन्हा धुतली. काही हलत नाही.

हरिचंद्र सर डोकावले, त्यांनीही डोळा लावला. "वा! एकदम स्वच्छ!"

ठमी म्हणाली, "सर, त्या पान्यात म्हस पन तोंड घालीत नाय."

सर हसले. मी नाही.

१७ नोव्हेंबर

जेवताना सांगून बसले. शशिकांतचा घास हातातच.

"म्हणजे साहेब येणार आणि तू त्यांना त्यांचाच नाला दाखवणार? चौदा वर्षं झाली मला तिथे. आपण खातो कुणाचं?"

मी म्हटलं, विचार करते. म्हणजे घाबरले.

११ डिसेंबर

कांद्याची पापुद्री दाखवायची ठरली. कांद्याने आजवर कुणाची नोकरी घालवलेली नाही. खिडकीतली नाल्याची बाटली उचलून इतर बाटल्यांच्या मागे सरकवली. फेकवली नाही.

१४ डिसेंबर

साहेब आले. टाय, सेंट, बरोबर फोटोग्राफर. कांदा पाहून खूश. "वेरी गुड, टीचरजी! बच्चे लोग सच में यूज़ करते हैं!" चला, यंत्र वाचलं!

मग खिडकीतल्या बाटल्यांकडे बोट. "ये सब क्या है?"

मी काही बोलायच्या आत ठमीने मागची बाटली काढली, थेंब ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला. मीच शिकवलेलं सगळं, एकही चूक नाही. साहेबांनी डोळा लावला.

"इसमें तो कुछ नहीं है।"

"व्हय," ठमी म्हणाली. "कायच नाय. तुमच्या कंपनीमागचं हाय."

"स्वच्छ, सर! एकदम स्वच्छ!" — आमचे हेडमास्तर.

साहेबांना सगळं समजलं. मान लाल झाली, ती काही कुंकवाने नव्हे. ठमी माझ्याकडे बघत होती, आता बाई बोलतील म्हणून. बाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली.

जाताना साहेब गोड हसून म्हणाले, "मायक्रोस्कोप रखिए। अगले साल कुछ और माँगिए। टेलिस्कोप लीजिए ना! चाँद-तारे दिखाइए बच्चों को।"

१५ डिसेंबर

शशिकांत: "काही बोलली नाहीस ना?" — "नाही." — "बरं केलंस."

ठमीने आज बाटली आणली नाही. मला लाज वाटते. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकबूल करता येणार नाही.

२९ डिसेंबर

सासूबाई कुरकुरतायत. पाण्याला वास येतो, आणि कासव आठ दिवस वर आलं नाही. शशिकांत म्हणाला, "थंडी आहे, आई. खाली बसलं असेल." नगरपालिकेचा माणूस पावडर टाकून गेला असेल म्हणून चाळीत विचारलं. तो दिवाळीपासून फिरकलेला नाही.

४ जानेवारी १९९०

सकाळी पर्स उघडली तर आत शाईची बाटली. वर शशिकांतच्या अक्षरात चिठ्ठी — 'आपली विहीर.' तोंडाने म्हणाला एवढंच, "बघून ये."

मधल्या सुट्टीत बघितलं. पाच थेंब. शेवटचा ठमीने लावला.

एकदम स्वच्छ.