कारणाचा रकाना

वस्तीवरून, ता. १०-२-८७

चि. पारूस, आजी सरूबाईचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी सोताच वाचलं, मागं पत्रं वाचून द्यायचा त्या आसारामला दाखवलं न्हाई. प्रौढवर्गाच्या बाईंचं शिकवणं कामी आलं. एका शब्दावर मात्र अडकले, भरपगारी रजा. तीनदा वाचला. आमाला खाडा ठाऊक, बाई. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडताना घोटभर पाण्याला बसलं तरी मुकादम म्हणायचा, खाडा लावू का. अन् तुमच्या सूतगिरणीत घरी बसलं तरी पगार चालू. शेजारच्या छबुबाईला सांगितलं तर म्हणती, पोरीला गिरणीची हवा लागली. जळती मेली.

तुझे आईबाप ऊसतोडीवरून पाडव्यालाच येत्याल. निम्मी वस्ती रिकामी हाय. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, तवा रांगेत बोलायला माणूस मिळतं. म्हणून मी दोन घागरी दोन खेपांनी नेते.

माझ्यासाठी रजा काढू नको, साहेब नाराज व्हायचा. मी मजेत हाय. कावून येतीस एवढ्या लांब.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी

ता. १७-२-८७

ती. आजीस, पारूचा सादर जयभीम. वि. वि.

रजा साहेबांच्या मर्जीची नसते, आजी. वीस दिवस भरले की एक दिवस आपला होतो. माझे चौदा साठलेत. हल्ली वीज सारखी जाते. ती आली की जेवणाच्या अर्ध्या तासातही मशीन सोडू देत नाहीत, वर जादा तास थांबवतात. आम्ही बायकांनी विचारलं की उत्तर एकच, संस्था सहकारी आहे, तुमचीच आहे, सांभाळून घ्या. म्हणून रजा तरी मी घेणारच.

अडलंय कारणाच्या रकान्यावर. टाइमकीपर अर्जुनराव म्हणतात, लग्न, आजारपण नाहीतर मयत लिही, एरवी अर्ज पुढं जाणार नाही. सगळ्या तसंच करतात. आजी फार आजारी, असं लिहू का? लवकर कळव.

आशीर्वाद असू दे.
पारू

ता. २३-२-८७

चि. पारूस, आजीचा जयभीम.

तसलं काय बी लिवू नको. खडीवर असताना मला एक दिवस माहेरी जायचं व्हतं. मुकादमाला सांगितलं, सासू वारली. त्यानं सोडलं. सांजच्याला घरी आले तर म्हातारीनं माझ्यासाठी गरम भाकर झाकून ठेवलेली.

उन्हाळ्यात ती खरंच गेली. मी सांगायला गेलते तर मुकादम हसला, म्हणला, तुझी सासू किती बारी मरती गं. सोडलंच न्हाई. मी पोचले तवा माती देऊन माणसं परतली व्हती. हे तुझ्या बापाला बी ठाऊक न्हाई.

तर माझं आजारपण आत्ताच खर्चू नको. पुढं लागंल. कारणात खरं लिव की आजी एकली हाय, तिच्याजवळ बसायचंय. मागं म्हणले येऊ नको, ते खोटं व्हतं. ये.

वाट बघती,
तुझी आजी

ता. २-३-८७

ती. आजीस, पारूचा जयभीम.

तू सांगितलंस तेच लिहिलं. अर्जुनराव म्हणाले, हे कसलं कारण. मी म्हटलं, एवढंच आहे, दुसरं नाही. दोन दिवस अर्ज टेबलावर पडून होता. काल त्यांनी ते खोडून वर 'खासगी काम' असं लिहिलं आणि साहेबांची सही आणली. चौदाच्या चौदा दिवस मिळाले.

गुरुवारी वडवणीच्या एसटीनं येते. टँकरच्या दिवशी घागरी दोघी मिळून आणू, पण खेपा दोनच.

पारू