पैलवानाच्या पोटऱ्या

पुणे

चि. वर्षाराणीस सुनंदाताईचा अनेक आशीर्वाद.

आमी दोघं मायलेकरं बरी हाव. दवाखान्याजवळ खोली भेटली, नळाला पाणी बी हाय. आईचा गुडघा कसा हाय?

फोनच केला असता, पण सासरी तुझा फोन स्पीकरवर असतो अन् माहेरी आई कान देऊन बसते. पंचमीला माहेरी उमापूरला आलीस म्हणून लिहिते. आईला वाचून दाखवू नको.

माझा कार्तिक सारखा का पडतो ते कळलं. स्नायू टिकवणारा एक पदार्थ अंगात बनतो, तो कसा बनवायचा ते जनुकात लिहिलेलं असतं. कार्तिकच्यात त्यातला तुकडाच गळालाय. काही पोरांसाठी इंजेक्शनं निघालीत, पण ती याच्या तुकड्याला चालत न्हाईत. सध्या गोळ्या अन् व्यायाम. लेकरू हसतं, मग मी बी हसते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आईकडून येतं. आई धडधाकट राहते, पोराला भोवतं. हे सासरी सांगितलं तर मला उंबऱ्यात उभं करायची न्हाईत. आपल्या आईला सांगितलं तर ती असाच पडत पडत गेलेल्या दिगूमामाला आठवून स्वतःलाच खाईल.

कार्तिकच्या जाड पोटऱ्या बघून आपण त्याला पैलवान म्हणायचो. दिगूमामाला बी तसंच म्हणायचे. ती ताकद नव्हती, वर्षे.

परवा तू म्हणालीस, आमचा ओम बी पैलवान होणार, पोटऱ्या बघ त्याच्या.

त्याला जमिनीवर बसव अन् लांबून हाक मार. हातानं मांड्या दाबत उठला तर पहिल्या गाडीनं इकडं ये. सरळ उठला तर मला नुसता मिस कॉल दे.

फोन हातातच घेऊन बसले हाय.

तुझी ताई