परातीची तिरीप

माय,

तुझी पितळी परात अजून माझ्याजवळ आहे. काठाच्या पोच्यावर बोट ठेवले की आपल्या घरामागची टेकाडी दिसू लागते. दुपार आहे, ओढ्यापलीकडे तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यात बा वाकलेला आहे, आणि राखेने व चिंचेने लख्ख घासलेली परात तू उन्हात तिरपी धरली आहेस. बाला ऐकू येत नसे, म्हणून तू त्याला उजेडाने हाक मारायचीस. तिरीप एकदा पडली तर भाकरी झाली, दोनदा पडली तर पाहुणा आला, आणि परात न थांबता हलत राहिली तर हातातले टाकून धावत यायचे. आठ वर्षांचा असताना मी ती एकदा गंमत म्हणून तशी हलवली. बा धावत आला आणि तुरीचा खुंट त्याच्या तळपायात खोल शिरला. तू मला मारले नाहीस. त्याच्या पायाला हळद बांधता बांधता म्हणालीस, "काहून केलंस रे लेकरा? उजेडाची मस्करी करू न्हाई. माणूस भरवसा ठेवून पळत येतं."

आता मी ऐंशीच्या घरात आहे. आयुष्यभर मुलांना नेमके बोलायला आणि नेमके लिहायला शिकवले, आणि बायको गेल्यावर या घरी एकटा परतलो. या हिवाळ्यात सेनगावच्या बाजूने रोज दुपारी एक लहानसे विमान येऊ लागले. शेजारच्या जिल्ह्यात विमान चालवायला शिकवतात, तिथले. उन्हात ते चतुरासारखे पारदर्शक वाटे. एकदा धुतलेली परात उन्हात ठेवताना तिची तिरीप वर गेली, आणि विमानाने दोन्ही पंख सावकाश डावीकडे, मग उजवीकडे झुकवले. माय, कोणीतरी ओ दिली. मग मी रोज टेकाडीवर जाऊ लागलो. शेजारची सून कपडे वाळत घालता घालता हसायची, "गुरुजी, इमानवाल्याला जेवाया बोलावून राहिले काय? कोरड्यास तरी काय केलं?" मी तिला म्हणायचो, "विमान म्हणावे, इमान नव्हे." ती म्हणायची, "व्हय, पण उतरलं तर भाकरी मलाच थापावी लागंल ना!"

त्या दुपारी तूर अशीच फुलावर होती. विमान नेहमीपेक्षा खाली होते. मी दोनदा तिरीप पाडली. पंख हलले नाहीत. मी परात पुन्हा हलवली, आणि मग न थांबता हलवत राहिलो. विमान गावाकडे वळू लागले, वळता वळता त्याचा एक पंख खाली गेला, आणि ते ओढ्यापलीकडच्या बाभळींमागे इतके हळू उतरले, की क्षणभर मला वाटले, आले. आवाज नंतर आला. प्रकाशामुळे ते वळले असे मी म्हणत नाही. प्रकाशानंतर वळले, एवढेच मी पाहिले.

आत एक मुलगी होती, शिकाऊ, एकटी. रोज तीच असे की नाही, हे मला ठाऊक नाही. चौकशीचा अधिकारी ओट्यावर बसून माझा जबाब लिहीत होता. विमान किती उंचीवर होते, कोणत्या बाजूला वळले, आवाज कधी आला, सारे मी सांगितले. परातीविषयी सांगितले नाही. शेवटी त्याच्या दोन वाक्यांतल्या चुका मी दुरुस्त केल्या आणि सही केली. तेव्हा मला समाधानही वाटले, माय. मुलीचे वडील पायरीवर उभे होते. परमुलखातला माणूस, त्यांनी एवढेच विचारले, "अकेली थी मेरी बच्ची. आख़िर में किसी ने देखा क्या उसको?" मी खाली पाहिले. ते गेल्यावर शेजारची सून कुंपणापाशी आली. तिच्या तोंडावर हसू नव्हते. "गुरुजी, मी काही बोलले न्हाई," एवढे म्हणून ती गेली. मी तिला गप्प राहायला सांगितले नव्हते. त्या दिवसापासून ती कपडे घराच्या पुढल्या बाजूला वाळत घालते.

हे पत्र तुला पोचणार नाही, हे मला कळते. अधिकाऱ्याला पोचू शकते. त्याने पत्ता लिहून दिला आहे. त्या वडिलांनाही पोचू शकते, आणि त्यांना मला दोन्ही सांगावे लागेल: तुमची मुलगी एकटी नव्हती, तिच्याकडे मी पाहत होतो; आणि मी तिला बोलावत होतो. रोज दुपारी कागद काढतो, वाचतो, एखादा शब्द बदलतो आणि पालथ्या परातीखाली परत ठेवतो. आता बदलण्यासारखे काही उरलेले नाही.

एक मात्र अजून लिहिले नव्हते. दोन तिरिपी म्हणजे पाहुणा आला, हे मी विसरलो नव्हतो. घरात कोणी आले नव्हते, माय. कोणीतरी यावे, असे मला वाटत होते.