खालच्या बाजूने पाहिलेला नीलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, चष्म्याच्या दुकानात चौतीस वर्षे काचा घासून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी न अडखळता दोनापर्यंत खाली आले आणि त्यांना विचारले की सातच का, आठ का नाही. तरी दाखला मिळाला.

गेल्या महिन्यात वकीलबाईंकडे दिलेला मसुदा रद्द समजावा. त्यात मी एका माणसाला चोर म्हटले होते. तो चोर नाही. हे मी जिवंत असताना लिहावे आणि त्याने जिवंत असताना वाचावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. तो एक्क्याऐंशी वर्षांचा आहे, तेव्हा घाई आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि उत्तरेची खिडकी, माझी मुलगी आणि मुलगा यांना समान. खिडकी वेगळी लिहिली याला कारण आहे. ती बुजवून तिथे कपाट करायचा बेत मुलाने तीनदा बोलून दाखवला आहे. त्यासाठी त्याने बहिणीची लेखी परवानगी घ्यावी. ती देणार नाही, हे मी तिला विचारून ठेवले आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांत निम्मे. भांडीकुंडी ज्याला जे हवे ते. मोठ्या पातेल्यावरून वाद होईल. वाद झाल्यास ते वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना द्यावे. गेली दोन वर्षे ते तसेही त्यांच्याकडेच आहे.

कलम ३. काचा घासायचे माझे जुने यंत्र, निवृत्त होताना मला मिळालेले, चष्म्याच्या दुकानाला परत. त्याच्या डाव्या कडेला हात लावताना जपावे, ती कड पुढे आली आहे. मालकांना मी हे एकवीस वेळा सांगितले होते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग मुलीला, आणि निळ्या पुठ्ठ्याची वहीसुद्धा तिलाच. त्या वहीत माझ्या अंगठीतला नीलम कुठे कसा दिसला याच्या नोंदी आहेत: बँकेत काळपट, दवाखान्याच्या ट्यूबलाइटखाली जांभळट, पिवळ्या दिव्याखाली रुसल्यासारखा, आणि आमच्या उत्तरेच्या खिडकीत सकाळी दहाच्या सुमारास असा निळा की पाहतच राहावे. एकच दगड इतक्या तऱ्हांनी का वागतो ते मला पुरते कळलेले नाही. वहीच्या शेवटी प्रश्नांची यादी आहे. त्यातला एखादा सुटला तर मुलीने उत्तर त्याच वहीत लिहावे.

कलम ४. आता अंगठी. वकीलबाई म्हणाल्या की कलमात हकीकत लिहीत नाहीत. मी लिहिणार आहे.

मी पंचेचाळीस वर्षांची असताना मला एक अंगठी करून घ्यावीशी वाटली. सतरा वर्षे रंग नसलेल्या काचा बघून डोळे आंबले होते. माझ्या यजमानांचा एक मित्र दागिन्यांच्या दुकानात खडे बसवायचे काम करी. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम चिमटा असे, म्हणून सगळे त्याला चिमटाच म्हणत. आमच्याकडे तो दर रविवारी बुद्धिबळ खेळायला यायचा. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी.

त्याने एका पांढऱ्या कागदावर पाच नीलम मांडले. मी ते खिडकीत नेले, दिव्याखाली नेले, जिन्यात नेले. पाऊण तास गेला. चार खडे निर्मळ होते. पाचव्याच्या कडेजवळ आत एक बारीक सुई होती, पांढरी, भिंगाशिवाय दिसायची नाही. मी तो उचलला.

"वहिनी, चांगले चार सोडून डागाचा घेताय?"

"डाग कसला? आत काहीतरी घडलंय तिथे. काय घडलं असेल हो?"

"मला काय माहीत? मी होतो का तिथे?"

"तेच तर. मला हाच हवा."

अंगठीचे चित्र मी चष्म्याच्या नंबराच्या कार्डाच्या पाठीवर स्वतः काढले. खडा उंच नको, नाहीतर घासताना काचेवर ओरखडा उठेल. दोन बाजूंना सोन्याची पट्टी खड्याच्या कडेवर वळवलेली, तिला ते लोक कोंदण म्हणतात. उरलेल्या दोन बाजू उघड्या, उजेड आत जायला. सुई उघड्या बाजूला हवी, म्हणजे मला बघता येईल. आणि खालून अंगठी मोकळी, म्हणजे धुता येईल. चिमट्याने तीन वेळा डोक्याला हात लावला, आणि चित्रात होती तशीच्या तशी अंगठी केली. ती मी सतरा वर्षे कामावर घातली.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यात अंगठी यंत्राच्या त्या डाव्या कडेवर आपटली आणि पट्टी वाकली. यजमानांनी ती चिमट्याकडे दुरुस्तीला दिली आणि आठवड्याने परत आणली. मी भिंग लावले. सुई नव्हती. उघड्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या. नव्हतीच. मी तशीच उठले, चिमटा काम करी त्या दागिन्यांच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात, तिथल्या मालकांसमोर म्हटले, "भाऊजी, माझा खडा बदललात तुम्ही."

"वहिनी, आधी ऐकून घ्या."

"माझ्या हातात भिंग आहे. ऐकायचं काय त्यात?"

यावर त्याने चिमटा खिशात टाकला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. मालकांनी त्याला काढले नाही, नुसते खडे देणे बंद केले. काम नसलेल्या बाकावर दोन महिने बसून तो आपणहून घरी गेला. आमचे रविवार संपले. यजमानांनी मला तीनदा सांगितले की तू पुन्हा नीट बघ. मी म्हटले, मित्राची बाजू घेऊ नका. मग ते रविवारी शतपावलीला जाऊ लागले आणि दोन दोन तासांनी परत येऊ लागले. ते कुठे जातात हे मला माहीत होते आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होते. पाच वर्षांपूर्वी ते गेले. चिमटा आला, फाटकाबाहेर उभा राहिला, आणि मी त्याला आत या म्हटले नाही. त्याची लाज मला आज वाटते.

अंगठी अकरा वर्षे डब्यात पडून होती. गेल्या महिन्यात वकीलबाई म्हणाल्या, "वस्तूचं वर्णन लिहा, ओळखीची खूण असेल तर तीही." मी भिंग काढले. वरून पाहिले, बाजूने पाहिले. मग वकीलबाईंचा तो शब्द, वर्णन, पुरा करावा म्हणून प्रथमच अंगठी पालथी केली. पट्टीच्या आड, खालून स्वच्छ दिसत होती माझी सुई. तिच्याशेजारी खड्याच्या कडेला एक टवका होता, तांदळाच्या कणीएवढा. आपटल्यावर उडाला असणार. ती दुबळी कड पट्टीखाली सुरक्षित राहावी म्हणून चिमट्याने खडा पाव फेरा वळवून बसवला होता. कामात मुरलेला कोणीही माणूस हेच करील.

खालची बाजू मोकळी मीच ठेवायला लावली होती. जगातल्या प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारणारी मी, आणि अकरा वर्षांत एक अंगठी उलटी करून बघितली नाही. हे कशाने झाले असेल, याचा विचार मी महिनाभर करत आहे. मला वाटते, मला तेव्हा बघायचे नव्हते, बरोबर ठरायचे होते. चिमट्याने चोरी केली नाही. चूक माझी आहे. हे मी लिहून देत आहे आणि ते त्या दुकानाच्या आजच्या मालकांनाही पाठवावे.

कलम ५. सदर अंगठी चिमट्याला द्यावी. तो नाही म्हणेल. आग्रह करावा.

कलम ६. अंगठी ज्याच्याकडे जाईल त्याने असे करावे. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, दातांचा मऊ ब्रश, आणि घासायचे ते खालून, कारण मळ तिथे बसतो. दुकानातल्या धुण्याच्या यंत्रात घालू नये, कडेला टवका आहे. मोत्यांबरोबर एका डबीत ठेवू नये; नीलम स्वतः शाबूत राहतो आणि शेजाऱ्याला ओरबाडतो. वर्षातून एकदा पट्टी सैल झाली का ते बघावे. जड काम करताना काढून ठेवावी. हे शेवटचे मी पाळले नाही.

सह्यांच्या आधी जोडलेला मजकूर. मुलगी आज सकाळी चिमट्याला रिक्षाने घेऊन आली. त्याने माझ्या टेबलाशी बसून वरचे सर्व वाचले. कलम चार दोनदा वाचले. मग अंगठी मागितली, बोटाने खालून चाचपली आणि म्हणाला, "किती मळ साठलाय. धुतली नाहीत कधी?"

मी म्हटले, "भाऊजी, मी चुकले."

"वाचलं की आत्ता." मग त्याने अंगठी टेबलावर ठेवली. डोळे पुसले. माझेही काही वेगळे नव्हते. नंतर सह्यांसाठी आलेल्या वकीलबाईंना त्याने विचारले, "साक्षीदार कोण?"

"एक मास्तरीणबाई. दुसरा खालचा दुकानदार येतोय."

"त्याला कशाला त्रास? मी करतो सही."

वकीलबाईंनी समजावले, की साक्षीदाराला या कागदातले काही मिळू शकत नाही; सही केली की अंगठीवर पाणी सोडावे लागेल.

"अंगठी मीच केलीय, बाई. मला ती घेऊन काय करायचंय? वहिनी चारचौघांत बोलल्या, आता लिहून देतायत. त्या लिहिण्याखाली माझी सही पाहिजे."

म्हणून कलम ५ रद्द. अंगठी मुलीला द्यावी.

पण ती इतक्यात द्यायची नाही असे ठरले. "अजून आहात ना? मग घाला," असे चिमटा म्हणाला. माझ्या बोटाचे पेर सुजले आहे, अंगठी आत जात नाही. त्याने दोरा गुंडाळून माप घेतले आणि अंगठी खिशात टाकली. मी तिला भिंग लावले नाही. पावतीही मागितली नाही.

वरील सर्व मी वाचले आहे आणि मला मान्य आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, उत्तरेच्या खिडकीजवळ
दिनांक: सतरा, बुधवार, सकाळचे साडेअकरा

मृत्युपत्र करणारीची सही: (केली)

साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. सही माझ्यासमोर झाली. पातेले आज परत केले आहे, कारण वकीलबाई म्हणतात मलाही काही मिळणार नाही.

साक्षीदार: खडे बसवणारा, हल्ली घरीच. सही माझ्यासमोर झाली. नीलम एक, सुई आहे, कडेला टवका आहे, अंगठी मोठी करायला घेतली. शुक्रवारी आणून देतो, तेव्हा बुद्धिबळाचा पट मांडून ठेवावा.