फोनवरचा आवाज माझ्या मुलीचाच होता किंवा कसे, याची खात्री करून मिळणेबाबत

दिनांक : ०५/११/२०२५

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, पिंपळदरा,
ता. कर्जत, जि. अहिल्यानगर

अर्जदार : रंभाजी सखाराम भिंगारदिवे, वय ५८, धंदा अर्ज लिहिणे, रा. पिंपळदरा

विषय : दि. २५/१०/२०२५ रोजी मला परदेशातून आलेला फोन मी स्वतः कापल्याबाबत, व सदर फोन करणारी व्यक्ती माझी मुलगीच होती किंवा कसे, याची तातडीने खात्री करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या ठाण्याचा सायबर जनजागृती मेळावा, दि. १२/१०/२०२५
२) आपल्या ठाण्याने मला दिलेले 'जागरूक नागरिक' प्रशस्तिपत्र, दि. ३१/१०/२०२५
३) माझी तोंडी तक्रार, दि. ०३/११/२०२५

महोदय,

एकतीस वर्षे मी कर्जतला तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. विषय दीड ओळीच्या वर जाऊ देऊ नये, पुढचे कोणी वाचत नाही, असे मीच लोकांना सांगतो. आज माझाच विषय लांबला आहे. अक्षरही नेहमीचे नाही. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१) माझी मुलगी कु. सायली, वय २६, एम.ए. बी.एड. इंग्रजी. इथे तिने तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले व कायम होण्याची वाट पाहिली. वाट पाहून कंटाळल्यावर ती थायलंड देशात एका खेडेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेली. त्याला आता दोन वर्षे होतील. तिथली पोरे तिला 'क्रू सायली' म्हणतात. क्रू म्हणजे शिक्षिका. इंग्रजीची गोडी तिला माझ्या टेबलावरच लागली. मला इंग्रजी येत नाही. इंग्रजी अर्जाचे गिऱ्हाईक मी परत पाठवायचो, ते ती आठवीत असल्यापासून परत जाईनासे झाले.

शाळेला सुट्टी लागली की ती पाठीवर सॅक टाकून फिरते. व्हिएतनाम झाले, कंबोडिया झाले. बसने, रेल्वेने, बोटीने, एकटीच. आम्ही घाबरायचो, मग तिचा आवाजी निरोप यायचा आणि जीव भांड्यात पडायचा. "आई, आज ज्या विहारात गेले ना, तिथं दारात पाय धुवायला रांजण ठेवला होता. तुझी लई आठवण आली." असे निरोप आम्ही दोघे नवराबायको जेवताना ताटाजवळ मोबाईल ठेवून ऐकतो. शेजारपाजारचे लोकही येतात. मला, खोटे कशाला बोलू, फार अभिमान वाटायचा.

या ऑक्टोबरच्या सुट्टीत ती लाओस देशात गेली. दि. २१ चा निरोप असा : "पप्पा, उद्या बोटीनं वर डोंगरात चाललेय. चार-पाच दिवस रेंज नसणार. आईला सांगा, काळजी करू नको म्हणावं. तीन तारखेला शाळा आहे, त्याच्या आत पोचते." हा तिचा शेवटचा निरोप.

२) दि. १२ च्या मेळाव्याला मी पुढच्या रांगेत होतो. नगरहून आलेल्या मॅडमनी एका पोलीस पाटलांच्या मुलीचा आवाज दहा सेकंद मोबाईलमध्ये भरून घेतला आणि यंत्राकडून तिच्याच आवाजात "पप्पा, मला वाचवा" असे वदवून दाखवले. पाटलांच्या डोळ्यांतून पाणी आले. मुलगी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हसत होती, तरी आले. तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली ती बसलीच. आपल्या लेकराचा आवाज ऐकून आपण बुडू शकतो, हे मी आधी कधी मनातही आणले नव्हते.

मॅडमनी सांगितले की प्रत्येक घराने एक गुप्त शब्द ठरवावा. अडचणीत असल्याचा फोन आला तर आधी शब्द विचारावा. शब्द आला नाही तर फोन ठेवावा. आणि तो शब्द मेसेजवर कोणालाही पाठवू नये.

माझे सगळे आयुष्य कागदपत्रांत गेले. समोर धडधाकट उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला हयातीचा दाखला मागतात आणि त्यासाठीचा अर्ज मी लिहितो. पुरावा मागणे मला अपमानाचे वाटत नाही. त्याच संध्याकाळी मी आणि माझी पत्नी भिमाबाई यांनी शब्द ठरवला, 'हुरडा'. आता लपवून उपयोग नाही म्हणून लिहिले. मेसेजवर पाठवायचा नाही या नियमामुळे सायलीला तो कळवला नाही. ती एप्रिलात घरी आल्यावर कानात सांगायचा, असे ठरले होते.

३) दि. २५ रोजी दुपारी सव्वाचार वाजता मला +८५६ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन आला. माझ्या मोबाईलमध्ये बोलणे आपोआप रेकॉर्ड होते, म्हणून जसेच्या तसे देत आहे. आवाज म्हणाला, "पप्पा, मी सायली. माझी सॅक गेली, फोन, पासपोर्ट सगळं त्यातच होतं. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतेय. आधी नीट ऐका." मॅडमनी फळ्यावर लिहून दिले होते ते अक्षर न् अक्षर असेच : फोन हरवला, दुसऱ्याचा नंबर, नीट ऐका. माझ्या अंगाला घाम फुटला. मी म्हणालो, "शब्द सांग." आवाज म्हणाला, "कसला शब्द?" मी म्हणालो, "घरात ठरल्याला." आवाज म्हणाला, "पप्पा, कायबी काय बोलताय? इथं दोन माणसं हायेत, ती मला... आई कुठंय? आईला द्या ना फोन." मी म्हणालो, "आई घरात न्हाई. शब्द सांग." भिमाबाई मागच्या खोलीत लसूण सोलत होती. मी मधले दार लावून घेतले. आवाज रडू लागला. "पप्पा, मला लई भ्या वाटतंय." मी फोन कापला.

एकूण वेळ सत्तेचाळीस सेकंद.

४) त्यानंतर मी ताबडतोब आपल्या ठाण्यात आलो. तो नंबर ब्लॉक करावा, शक्यतो परदेशी फोन सगळेच बंद करावेत, असा सल्ला मिळाला. गावातल्या मोबाईल दुकानाचे मालक हर्षल यांनी तशी सोय करून दिली. दि. ३१ रोजी आपल्या हस्ते माझा सत्कार झाला. "समोरून मागणी होण्यापूर्वीच अर्जदाराने फोन ठेवला" असे प्रशस्तिपत्रात छापले आहे. ते वाक्य मी आता रोज वाचतो. ती पुढे काय मागणार होती, हे मी ऐकूनच घेतले नाही. प्रशस्तिपत्र शालीसह परत करीत आहे, जमा करून घ्यावे.

५) दि. ३ रोजी सकाळी सायलीच्या शाळेतल्या एका फिलिपिन्सच्या शिक्षिकेचा इंग्रजी मेसेज आला. हर्षल यांनी वाचून सांगितला. सायली शाळेत हजर झालेली नाही, तिचा फोन लागत नाही, ती तुमच्याकडे आली आहे का, अशी विचारणा होती. हर्षल यांनी मला स्टुलावर बसवले आणि मोबाईलमधली ब्लॉक झालेल्या फोनांची यादी उघडली. अशी यादी असते हे मला ठाऊक नव्हते.

यादीत अकरा फोन होते, चार वेगवेगळ्या नंबरांवरून. पहिला परदेशी फोन बंद केल्यानंतर दोनच मिनिटांनी आलेला होता. शेवटचा दि. २९ रोजी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. त्यानंतर काही नाही. म्हणजे माझ्या गळ्यात शाल पडली तेव्हा फोन येणे बंद होऊन दोन दिवस झाले होते.

इतर कोणाला फोन न करता ती मलाच का करत होती, असे आपण विचाराल. हल्लीच्या पोरांना नंबर पाठ नसतात. तिला एकच पाठ आहे, माझा. तो माझ्या टेबलाच्या पाटीवर ऑइलपेंटने लिहिलेला आहे आणि ती त्या पाटीखाली गृहपाठ करत मोठी झाली.

६) त्याच दिवशी मी ठाण्यात तोंडी तक्रार दिली. हवालदार साहेब सज्जन आहेत, त्यांनी पाणी दिले. "भिंगारदिवे, घाबरू नका. पोरं फिराया गेली का आईबापाला इसरत्यात. आन् लाओस काय आपल्या हद्दीत न्हाई," असे म्हणाले. त्यांचे खरे आहे, लाओस आपल्या हद्दीत नाही. परंतु ज्या ठिकाणी फोन कापला गेला ते ठिकाण, म्हणजे माझ्या घराची पुढची खोली, आपल्याच हद्दीत आहे. मधले दार आपल्या हद्दीत आहे. फोन कापणारा इसमही आपल्याच हद्दीत राहतो व तो हे कबूल करीत आहे. एवढ्यावर नोंद होत असेल तर माझ्याविरुद्ध करावी, पण कोठेतरी नोंद व्हावी. नोंद झाली तरच कागद पुढे सरकतो, हे आपणास मी सांगायला नको.

७) चारही नंबरांवर मी फोन करीत आहे. तीन लागत नाहीत. चौथा एक बाई उचलते. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. काल मी नुसते "सायली, सायली, सायली" म्हणालो. ती थांबली. मग "सायली" म्हणाली आणि पुढे बरेच काही भरभर बोलली. आवाजावरून ती रागावलेली होती, की घाबरलेली, की समजावत होती, कळत नाही. तिने नाव ओळखून घेतले, की मी म्हटले म्हणून पोपटासारखे म्हटले, हेही कळत नाही. हर्षल यांनी मोबाईलमधून भाषांतर करून पाहिले. त्यात 'नदी', 'ते लोक' आणि 'गेली' असे तीन शब्द आले, बाकी गिचमिड. कोण गेली, कोठे गेली, कशी गेली? काल रात्रीपासून मी ते तीन शब्द वेगवेगळ्या क्रमाने लावून पाहत आहे. कोणताही क्रम लावला तरी अंगावर काटा येतो.

८) तिकडच्या सरहद्दीवर शिकलेल्या पोरांना कोंडून त्यांच्याकडून फसवणुकीचे फोन करवून घेतात, असे मॅडमनीच मेळाव्यात सांगितले होते. 'इथं दोन माणसं हायेत' हे शब्द मला म्हणूनच झोपू देत नाहीत. तो आवाज यंत्राचा असेल तर मी शहाणा ठरतो, पण मग माझी मुलगी कोठे आहे? आवाज तिचा असेल तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असे झाले, आणि देणारा बाप. तिसरी शक्यता मी लिहायला घेतली होती, ती खोडली आहे. खोडलेले कृपया वाचू नये.

रेकॉर्डिंग भिमाबाईने परवा प्रथम ऐकले. मी तिला म्हणालो, यंत्र हुबेहूब आवाज काढते, मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती शाळा शिकलेली नाही. ती म्हणाली, "मशिनीला आई कशाला लागंल वं?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चहा पुढ्यात ठेवते. मधले दार तिने बिजागरीतून काढून परसात उभे करून ठेवले आहे.

९) तरी विनंती की,

(अ) सदर रेकॉर्डिंग व सायलीचे जुने निरोप शेजारी शेजारी तपासून आवाज माणसाचा की यंत्राचा, याचा लेखी अभिप्राय मिळावा.

(आ) चौथ्या नंबरवरील बाईशी लाओस देशाची भाषा जाणणारा कोणीही माणूस आजच्या आज बोलेल असे करावे. तिथल्या भारतीय दूतावासास हर्षल यांनी ईमेल केला आहे, तो मिळाल्याचे आपोआप उत्तर आले आहे. आपल्या शिक्क्याचे पत्र गेले तर माणूस उत्तर देईल. पत्राचा मसुदा मी लिहून सोबत जोडला आहे, फक्त सही करावी.

(इ) पुढील मेळाव्यात हे सांगावे की शब्द ठरवला तर तो ज्याला विचारायचा आहे त्याला आधी कळवावा. हे मला सुचले नाही. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढणाऱ्याला सुचले नाही.

१०) एक बाब आगाऊ नोंदवून ठेवतो. परदेशी फोनांवरची बंदी मी उठवली आहे. टेबल बंद केले आहे, मोबाईल हातातून खाली ठेवत नाही. कोणत्याही देशाचा, कोणत्याही नंबरचा फोन आला तरी मी उचलणार आहे. पलीकडून सायलीच्या आवाजात जे कोणी बोलेल, ती स्वतः असो, तिला कोणी बोलायला लावीत असो, की यंत्र असो, त्याला मी काहीही विचारणार नाही. "बोल बाळा" म्हणेन, फोन भिमाबाईच्या हातात देईन आणि जे मागेल ते देईन. त्यात माझी फसवणूक झाली तर त्याची तक्रार घेऊन मी आपल्याकडे येणार नाही, आणि लोकांच्या सांगण्यावरून आलोच तर ती दाखल करून घेऊ नये. हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देत आहे.

आपल्या हद्दीतला एक घाबरलेला बाप,

(सही)
रंभाजी सखाराम भिंगारदिवे

(अंगठा)
सौ. भिमाबाई रंभाजी भिंगारदिवे

सोबत :
१) रेकॉर्डिंग व जुने निरोप, पेनड्राइव्हमध्ये
२) ब्लॉक झालेल्या अकरा फोनांच्या यादीची छापील प्रत
३) दूतावासास द्यावयाच्या पत्राचा मसुदा
४) प्रशस्तिपत्र व शाल
५) कु. सायली हिचा फोटो (काम झाल्यावर परत मिळावा. घरात छापलेला हा एकच आहे, आणि तिची आई सारखा मागते.)